माती पुसायचा अधिकार

खराडे सरांचा डावा कान तुम्ही बघितला नसेल, तर आधी कानाचंच सांगते, नाहीतर पुढचं काही पटायचं नाही. तो कान म्हणजे सुकलेलं अंजीर. लहानपणी तालमीत रगडून रगडून त्याची पार गोळी झालेली. उजवा कान मात्र एकदम सभ्य, प्राध्यापकाचा. त्यामुळं सर उजवीकडून बघितले की कायद्याचं पुस्तक आणि डावीकडून बघितले की जत्रा.

आम्ही सांगलीला लॉ कॉलेजात पहिल्या दिवशी गेलो, तेव्हा नेमके ते डावीकडून दिसले. व्हरांड्यात सायकल उचलून पायऱ्या चढत होते. माझी मैत्रीण परवीन, मिरजेची, बिनधास्त पुढं झाली आणि म्हणाली, "काका, ते घटना शिकवणारे खराडे सर कुठं बसतात हो?"

"बसत न्हाईत," ते म्हणाले. "उभं ऱ्हाऊन शिकवत्यात. वर्गात चला, उशीर झालाय."

आणि सायकल भिंतीला टेकवून आमच्या मागोमाग वर्गात आले आणि थेट फळ्यापुढं! परवीन आठवडाभर मागच्या बाकावर तोंड लपवून बसत होती.

सरांचं गाव कराडच्या पलीकडं, मलकापूरच्या अंगाला. वडील फौजेत सुभेदार. पोरगं पैलवान व्हावं म्हणून तालमीत घातलं, तर पोरगं तालमीत डावापेक्षा वाद जास्त घालायला लागलं. हा डाव का चालतो, तो का चालत नाही, हे ठरवलं कुणी, ठरवणाऱ्याला कुणी नेमलं? शेवटी वस्तादच म्हणाले, सुभेदार, ह्याला वकील करा, माझी माती वाया चाललीय. मग कोल्हापूरला वकिली शिकले, थोडे दिवस सातारच्या कोर्टात उभे राहिले, आणि मग सांगलीला शिकवायला आले ते आलेच. खणभागात दोन खोल्या, सायकल, काकू आणि नोकरी टेंपररी. हे टेंपररी लक्षात ठेवा. दरवर्षी जूनमध्ये संस्थेची मीटिंग व्हायची आणि दरवर्षी सर "पुढच्या वर्षी बघू" घेऊन घरी यायचे. काकू तर उघड म्हणायच्या, "आमचं लग्न तेवढं कायम झालंय, बाकी सगळं टेंपररी."

पण शिकवायचे काय! पंचाहत्तरच्या जूनमधला, अगदी सुरुवातीचा तास. तेरा न्यायाधीशांनी दिलेला तो मोठा निकाल दोन वर्षांपूर्वीचा. संसदेला घटना बदलता येते, पण तिची मूळ चौकट मोडता येत नाही. सात एका बाजूला, सहा एका बाजूला. आम्हाला काही केल्या कळेना चौकट म्हणजे काय. सरांनी पिशवीतनं पुडी काढली. भडंग! वर्गात!

"हे काय हाय?"

"भडंग," सगळे ओरडले. सांगलीत हा काय प्रश्न झाला?

"लसूण वाढवला तर?"

"भडंगच."

"शेंगदाणे कमी केले? तिखट जास्त घातलं? कढीपत्ता काढूनच टाकला?"

"तरी भडंगच, सर."

"अन चुरमुरेच काढले तर?"

मग मागनं कुणीतरी म्हणालं, "मग तो चखणा झाला, सर." सगळा वर्ग हसून आडवा. सर पण हसले. "बरोबर. संसदेला लसूण वाढवायचा अधिकार हाय. चुरमुरे काढायचा न्हाई. अन चुरमुरे काढले का न्हाई हे बघायला कोर्ट."

मी लगेच उठले. मला विचार करून बोलायची सवयच नाही. "पण सर, थोडे थोडे काढले तर? नेमके किती चुरमुरे काढल्यावर भडंग राहत नाही?"

सर माझ्याकडं बघतच राहिले. मोडका कान चोळला. म्हणाले, "विजयमाला, हे त्या तेरा जणांना पण नीट सांगता आलं न्हाई. म्हणून तर त्यांच्यात सात अन सहा झाले. कोर्ट म्हंजे काय देव न्हाई. पण कुणीतरी पुडीत डोकवायला पाहिजे की नको?" मग ती पुडी अख्ख्या वर्गातनं फिरली. माझ्यापर्यंत आली तेव्हा नुसता लसूण उरला होता.

मी त्या दिवशी घरी पत्र लिहिलं की मी न्यायाधीश होणार. आईचं उत्तर आलं, आधी पास हो.

आणि त्याच महिन्याच्या शेवटी आणीबाणी आली.

आमच्या संस्थेचे एक संचालक होते, लालासाहेब जगदाळे. धामणखिंडीचे, म्हणजे नेमके माझ्या आजोळचे. मोठा ऊस, मोठा फेटा आणि मोठा आवाज. पण माणूस वाईट नाही हं, फक्त आपण म्हणतो तेच सगळ्यांना वाटतं अशी त्यांची खात्री. त्यांनी सरांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, "सर, ते घटना, कोर्ट, अधिकार, जरा बंद ठेवा. दिवस बरे न्हाईत. कराराचा कायदा शिकवा, मालमत्तेचा शिकवा. अन येत्या जूनात तुमचं कायमचं करून टाकू. माझा शब्द."

सरांनी ऐकलं! खरंच ऐकलं! ऑगस्टमध्ये एका निवडणुकीचा खटला कोर्टात चालू असताना संसदेनं घटनाच बदलली की ह्या निवडणुकीकडं कोर्टानं बघायचंच नाही. आम्ही वर्गात विचारलं. सर म्हणाले, "करारभंग काढा. कुठपर्यंत आलो होतो?" नोव्हेंबरात कोर्टानं ती दुरुस्ती उडवली, तरी सर करारभंगावरच. मला इतका राग आला की मी व्हरांड्यात त्यांना गाठलं आणि डोळ्यात पाणी आणून म्हणाले, "सर, तुमचा कान खोटा आहे."

सर सायकलीची चेन बघत बसले. शेवटी एवढंच म्हणाले, "विजयमाला, तुझ्या काकूनं भाड्याच्या भिंतीत अजून एक खिळा मारलेला न्हाई. म्हणती, कायम झालात की मारीन."

पुढच्या एप्रिलमध्ये धामणखिंडीची जत्रा आली. मी परवीनला घेऊन आजोळी गेले. परवीन येणारच होती म्हणा, कारण तिचे वडील चांदसाहेब हे सांगली-मिरजेचे लाऊडस्पीकरवाले. जत्रेचा माईक त्यांचा आणि कर्ण्यावर रंगवलेलं नाव 'परवीन साउंड'. आपल्या मैत्रिणीचं नाव आख्ख्या पंचक्रोशीवर ओरडतंय, ह्याची मजा वेगळीच.

जत्रेत मुख्य म्हणजे कुस्त्यांचं मैदान. बायका मैदानात जात नाहीत, शाळेच्या गच्चीवरनं बघतात. शाळा अगदी मैदानाला लागून आणि एक कर्णा आमच्या गच्चीच्या कठड्यालाच बांधलेला. मी, परवीन आणि माझी बनुमामी अशा तिघी कठड्याला चिकटून. बनुमामीला कुस्तीतलं गावातल्या निम्म्या पुरुषांपेक्षा जास्त कळतं, पण ती कुणाला कळू देत नाही. म्हणजे तिला असं वाटतं.

पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या झाल्या, नारळावरच्या झाल्या. मग चांदसाहेबांच्या माईकवर लालासाहेब आले. मैदान समितीचे अध्यक्ष तेच. "मंडळी, आता शेवटची, गदेची कुस्ती. आमचा सिद्धू, अन जतचा दिलावर मुजावर. कुस्ती निकाली. पाठ लागंस्तवर चालंल. पंच म्हणून ह्या साली सांगलीचे प्राध्यापक कृष्णात खराडे!"

मी कठड्यावरनं पडायचीच राहिले. मैदानाच्या मधोमध खराडे सर! धोतर, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी आणि फेटा असा बांधलेला की दोन्ही कान बाहेर!

"हे कसे काय पंच?" मी मामीला विचारलं.

"आगं, दरसालचा वस्ताद लय कडक. गेल्या साली लालासाहेबांच्या पुतण्याची पाठ लागली म्हणून सांगून टाकलं तोंडावर. म्हणून ह्या साली लालासाहेब म्हणाले, आपला माणूस आणू. शिकलेला हाय, कुस्ती कळती, अन गरजू बी हाय. त्येची नोकरी ह्येंच्या हातात हाय म्हणं."

सिद्धू म्हणजे लालासाहेबांचा मुलगा, एकुलता एक. आणि जूनची मीटिंग दोन महिन्यांवर. मी परवीनचा हात इतका घट्ट धरला की तिची काचेची बांगडी फुटली. ती म्हणाली, "माझी बांगडी कायम कर आधी."

कुस्ती लागली. कोंडीबाची हलगी घुमायला लागली. सिद्धू उंच, गोरा, दूध-तुपातला. दिलावर बुटका, काळा, दगडासारखा. बराच वेळ नुसती खडाखडी, डोक्याला डोकं लावून रेटारेटी. सिद्धूनं दोनदा दिलावरला खाली घेतलं, दोनदा दिलावर निसटला. सगळ्या मैदानाला वाटलं आता सिद्धू मारणार. आणि एकदम, काय झालं कळलंच नाही, दिलावर खालनं फिरला, सिद्धूचा पाय धरून घिस्सा ओढला आणि सिद्धू आभाळाकडं बघत मातीत! दोन्ही खांदे! धपकन आवाज आमच्या गच्चीपर्यंत!

"गेला," मामी शांतपणे म्हणाली. "पाय मोकळा सोडला त्यानं."

सरांची शिट्टी वाजली. सरांनी वाकून बघितलं आणि दिलावरचा हात वर केला. मी नाचले. परवीन नाचली. जतकडची माणसं मातीत घुसली. आणि तेवढ्यात मांडवात समितीची माणसं एकत्र झाली, डोकी जवळ आली, हात वर झाले आणि लालासाहेबांनी माईक घेतला.

"मंडळी, शांत. मैदान समितीनं आत्ताच एकमतानं ठरवलेलं हाय, की ही कुस्ती अर्ध्या तासाचीच होती. अर्ध्या तासानंतर जे झालं ते धरायचं न्हाई. अर्ध्या तासाला सिद्धू चढता होता. म्हणून गदा सिद्धूला!"

"आगं बया!" मामी म्हणाली. "कुस्ती झाल्यावर वेळ ठरवली व्हय?"

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हे मी ऐकलंय. हे दिल्लीचंच आहे की! ऑगस्टमधलं!

समितीच्या माणसांनी सिद्धूला धरलं आणि खांद्यावर उचलून मैदानाला फेरी सुरू केली. आणि इथं त्यांचं चुकलं. ज्यांनी उचललं त्यांना सिद्धूची पाठ दिसत नव्हती. आम्हाला दिसत होती! मानेपासून कमरेपर्यंत लालभडक, ओल्या मातीचा थर, मध्ये कणा तेवढा उमटलेला, जसा भिंतीवर गिलावा. मिरवणूक ज्या लोकांसमोरनं जायची ते गप्प. पुढं सरकली की पाठ दिसायची, की मागनं हसू फुटायचं. पुढं शांतता, मागं हसू. मैदानभर ते हसू गोल गोल त्यांच्या मागं फिरत होतं आणि उचलणाऱ्यांना वाटत होतं लोक खूश आहेत! ते आणखी जोरात नाचवायला लागले. माती खाली गळायला लागली. एकाच्या टोपीत पडली.

कोंडीबाची हलगी हळू झाली. मग थांबली. त्यालाही हसू आवरेना.

लालासाहेबांच्या लक्षात आलं. ते सरांकडं वळले. "सर, तुमी जाहीर करा. पंचानं सांगितलं की लोक गप बसतील." आणि आवाज एकदम खाली आणून, "जूनची मीटिंग ध्यानात हाय न्हवं?"

हे एवढं सगळं आमच्या कर्ण्यातनं आलं! खणखणीत! जूनची मीटिंग आख्ख्या पंचक्रोशीला कळली! मी परवीनकडं बघितलं. ती म्हणाली, "अब्बा माईक कधीच बंद करत नाहीत. म्हणतात, बटण झिजतं." खाली चांदसाहेब एक वायर हातात घेऊन अशा तोंडानं बसले होते की जणू त्यांना मराठीच येत नाही.

सरांनी कान चोळला. मला दम लागला होता, जशी मीच कुस्ती खेळले. मनात म्हणत होते, सर, करारभंग काढू नका, करारभंग काढू नका.

सर माईकसमोर आले.

"मंडळी, समितीचा मी मान राखतो," ते म्हणाले, आणि माझं तोंड रडवेलं झालं. "समिती मोठी हाय. जोड कोण लावणार? समिती. बक्षीस काय द्यायचं? समिती ठरवंल. माती कुठल्या मळ्यातनं आणायची, त्यात ताक किती अन हळद किती, हलगी कुणाची, पोरांना रेवड्या किती, सगळं समितीचं. पुढच्या साली कुस्ती अर्ध्या तासाची करायची? खुशाल करा. पाच मिनिटांची करा. एका पायावर खेळवा. मी शिट्टी घेऊन हजर हाय."

सरांनी गळ्यातली शिट्टी हातात धरली.

"पण खेळायच्या आधी सांगा. पाठ लागल्यावर न्हाई. अन पाठ लागली का न्हाई, हे बघायला तुमीच मला हितं उभा केलाय. ते बी समितीच ठरवणार असंल तर पंच कशाला अन शिट्टी कशाला? मांडवात बसूनच गदा वाटा, पोरांना मातीत कशाला लोळवता? समितीला कुस्ती लावायचा अधिकार हाय. माती पुसायचा न्हाई!"

काय आवाज उठला! मामीनं तर शिट्टी मारली. दोन बोटं तोंडात घालून! मला माहीतच नव्हतं तिला येते.

लालासाहेब तांबडेलाल. पुढच्या खुर्चीत पोलिसांचे जमादार उसाचं कांडं सोलत बसले होते. माईकची परवानगी फक्त कुस्तीपुरती होती आणि त्यासाठीच ते आलेले. लालासाहेब त्यांना म्हणाले, "जमादार, ऐकताय न्हवं? ह्ये राजकारण बोलत्यात!"

"कुठं?" जमादार म्हणाले. "मी पहिल्यापासनं ऐकतोय की. पाठीचंच बोलत्यात. चालू द्या, सर."

"आवं पण समितीचं एकमत हाय! सगळ्यांनी हात वर केलेत!"

"सगळ्यांनी हात वर केले म्हणून पाठ पालथी हुईत न्हाई, लालासाहेब," सर म्हणाले.

तोपर्यंत सिद्धूनं खांद्यावर हातपाय झाडायला सुरुवात केली होती. लोक का हसतात ते त्याला कळलं होतं. पैलवानाला आपल्या पाठीचं कळतं. तो खाली उतरला, धापा टाकत मांडवात आला आणि बापासमोर उभा राहिला. त्यानं माईक बिईक काही बघितला नाही. पण माईक ऐकतच होता.

"आबा, माझी पाठ लागलीय. मला कळलंय, दिलावरला कळलंय, समद्यांनी बघितलंय. ही गदा घरी नेली तर उद्या मला कोण जोड देईल? कुठल्या बी मैदानात गेलो की म्हणतील, आला बघा समितीचा पैलवान. मग तुमी काय करणार? समिती गाडीत घालून माझ्यासंगं गावोगाव फिरणार हाय का?"

सिद्धू सरळ मातीत गेला, दिलावरचा हात धरला आणि स्वतः वर केला. कोंडीबानं हलगीवर अशी थाप मारली की गच्चीवरची तान्ही पोरं दचकून रडायला लागली.

गदा दिलावरला दिली. दिलावर ओशाळलेला. सिद्धूला म्हणाला, "गड्या, ठेव की तुझ्याकडंच. जतच्या एस्टीत कंडक्टर हिचं अर्धं तिकीट फाडतोय बघ." सिद्धू इतका वेळ रडायच्या बेतात होता, तो फसकन हसला.

मी गच्चीवरनं ओरडले, "सर! सर!" सरांनी वर बघितलं. मला वाटलं काहीतरी मोठं बोलणार. म्हणाले, "खाली पडशील, विजयमाला. मागं हो."

आता वाटेल की झालं, जिंकलो. तसं नाही. त्याच एप्रिलच्या शेवटी दिल्लीत मोठ्या कोर्टाचा निकाल लागला. आणीबाणीत माणसाला धरून आत टाकलं तर त्याला कोर्टाचं दार वाजवता येणार नाही. चौघं त्या बाजूला आणि एकच विरुद्ध. परवीन सायकल हाणत माझ्याकडं आली, मग आम्ही दोघी सरांकडं. सर ओट्यावर बसले होते. पेपर घडी करून मांडीखाली. मी म्हणाले, "तुम्ही तर म्हणायचा कोर्ट पुडीत डोकावतं."

"पंच बी घसरतो," सर म्हणाले. "आपण मैदानात पाच हजार माणसांसमोर होतो. जमादार ऊस खात होता. चांदसाहेबाचा माईक होता. पोरगं खरं होतं. तरी माझं पाय लटपटत होतं, तुला वरनं दिसलं नसंल. म्हणून त्या एकाला काय वाटलं असंल त्याचा विचार करतोय."



जूनमध्ये संस्थेची मीटिंग झाली. सरांचा विषय "पुढच्या वर्षी बघू". शिवाय घटना हा विषयच त्यांच्याकडून काढून घेतला. करार आणि मालमत्ता, बास. काकूंनी खिळ्याचा पुडा परत फळीवर टाकला, तो असा आपटून की शेजारच्यांना कळलं मीटिंग झाली.

पण सर काही आता गप्प बसणार होते होय? त्यांनी करार शिकवायला घेतला, म्हणाले, उदाहरणार्थ एक मैदान घ्या. एक समिती घ्या. समितीचा अन पैलवानाचा करार झाला. वर्षभर आम्ही वर्गात संसदेला समिती म्हणत होतो, कोर्टाला पंच, आणि घटनेला मैदान. प्राचार्य दारात येऊन ऐकायचे आणि मान हलवून जायचे, ह्यांचं जत्रेचं खूळ अजून उतरलेलं नाही. कुणालाच काही सापडलं नाही. फक्त परवीननं विद्यापीठाच्या परीक्षेत सरळ लिहून टाकलं, "समितीस पाठ लागल्यानंतर नियम बदलता येत नाही." तपासणाऱ्यानं तरीही मार्क दिले. तो पण आपल्याकडचाच असणार.

सर कायम झाले, हे आता सगळ्यांना माहीत आहे. सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत ऑर्डर निघाली. कॉलेजात कुणी म्हणतं विद्यापीठानं दाब आणला, कुणी म्हणतं निवडणुका जाहीर झाल्या म्हणून संस्थेचं वारं फिरलं. सगळं खोटं. ऑर्डर कशी निघाली ते मी आणि परवीननं डोळ्यांनी बघितलंय.

जानेवारी संपत आला होता. आम्ही सरांच्या घरी नोट्स आणायला गेलो होतो आणि काकूंनी स्वयंपाकघरात पावटे सोलायला बसवलं होतं. बाहेर गाडी थांबली. लालासाहेब! एकटेच. काकूंनी आम्हाला गप्प बसायची खूण केली आणि स्वतः दाराच्या फटीला लागल्या.

"सर," लालासाहेब म्हणाले, "एप्रिलात जत्रा हाय. सिद्धू अन दिलावरची जोड परत लावायचीय. पण दोघं बी अडून बसल्यात. म्हणत्यात, पंच तेच पाहिजेत, दुसरा कोण असंल तर आमी लंगोट लावत न्हाई."

"बरं," सर म्हणाले.

"तवा तुमी या. अन तुमचं ते कायमचं बी मी करून टाकतो."

काकूंच्या हातातली शेंग तुटली. सरांनी कान चोळला असणार, कारण थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"लालासाहेब, ह्या दोन गोष्टी एका दमात बोलू नका. पंच मी येतो. कायम करायचं का न्हाई ते संस्थेनं माझं शिकवणं बघून ठरवावं. एकाचा दुसऱ्याशी संबंध लावला, तर माझ्या शिट्टीवर कोण विश्वास ठेवंल?"

काकूंनी कपाळावर हात मारला. लालासाहेब उठल्याचा आवाज आला, वहाणा सरकवल्याचा पण. गेले, सगळं गेलं, असं काकूंचं तोंड. पण ते ओट्यावरच थांबले.

"एक विचारू का, सर? पोराची कुस्ती कशी होती? खरं सांगा."

"चांगली होती. तुमच्यापेक्षा मला जास्त वाईट वाटलं. पण पाय मोकळा सोडला त्यानं."

"सोडला न्हवता! मी बघत होतो!"

"तुमी समितीकडं बघत होता."

"आवं मी जन्म घालवलाय मैदानात! असा होता पाय, असा! असा धरलेला असताना घिस्सा बसतोय व्हय?"

"बसतो."

"दाखवा!"

मग बाहेर बरीच खसपस झाली. कोट काढल्याची, फेटा ठेवल्याची. "वाका." "वाकलो की." "जरा आणखी, गुडघा टेका." काकूंना राहवेना. त्या चहाचे कप घेऊन बाहेर गेल्या आणि आम्ही दोघी त्यांच्या मागं. ओट्यावर आमच्या संस्थेचे संचालक हातापायांवर ओणवे, धोतराचा सोगा तोंडात धरलेला, आणि खराडे सरांनी त्यांचा पाय बगलेत घेऊन डाव पूर्ण करायची तयारी केलेली. गल्लीतला दूधवाला सायकल थांबवून बघतोय.



"आवं सोडा त्यांना!" काकू ओरडल्या. "अजून ऑर्डर यायचीय!"